एमआरपी वाढवू का? आधी खिशात किती पडतात ते मोज

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. तुझ्या बाबांचं गोव्यात फोंड्याजवळ मसाल्याचं युनिट आहे, १४ माणसं, शागुती मसाला, फिश करी मसाला आणि थोडं कोकमाचं आगळ, माल अर्धा किराणा दुकानांत जातो आणि अर्धा हॉटेलं आणि किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांना. मिरची-धणे महागले, पाकिटावरचा भाव तीन वर्षं तोच आहे, बाबा म्हणतात वाढवला तर गिऱ्हाईक जाईल, डिस्ट्रिब्युटर म्हणतो मार्जिन वाढवा नाहीतर दुसऱ्याचा माल घेतो, हॉटेलवाले पैसे थकवतात, आणि तुला मोबाइल ॲपवरून विकायचंय. आणि हे सगळं लिहून झाल्यावर शेवटी तू विचारतोस, "ताई, १०० ची एमआरपी ११० करू का?"

करावी लागेल बहुतेक. पण आधी एक काम कर, कारण मी २६ वर्षं कुंडई, मडकई, बेतोडा, तिवीं इथल्या छोट्या कारखान्यांचं कॉस्टिंग बघतेय, बेकरी, काजू, मसाले, प्लास्टिकचे डबे, फॅब्रिकेशन, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी मालकाला पाकिटावर काय छापलंय ते तोंडपाठ असतं आणि खिशात किती पडतात ते माहीत नसतं. एमआरपी हा दुकानदाराचा आणि गिऱ्हाइकाचा भाव आहे, तुझा नाही. तुझा भाव म्हणजे सगळी गळती होऊन जे उरतं ते. आणि ही गळती किती होणार हे मिरचीच्या भावावर ठरत नाही, ते तुमच्या घरात सूट कोण देतो, वसुली कोण करतो, परत आलेला माल कोण मोजतो यावर ठरतं. म्हणून भाव ठरवणं आणि धंद्याची घडी बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत असं मी मानत नाही.

आकड्यांत बघू. हे तुझे आकडे नाहीत, तुझ्यासारख्या धंद्याचे मी गोल करून धरलेत, तू तुझे टाकून बघ. १०० ग्रॅमचं पाकीट, एमआरपी १०० रुपये. दुकानदार ते ८५ ला घेतो, डिस्ट्रिब्युटर तुझ्याकडून ७८ ला घेतो. त्या ७८ मध्ये ५ टक्के जीएसटी आहे, तो सरकारचा, म्हणजे तुझ्याकडे आले ७४ रुपये २९ पैसे. आता १२ वर १ फुकट अशी स्कीम चालू आहे असं तू लिहिलंयस, म्हणजे १३ पाकिटं देऊन १२ चे पैसे, झाले ६८ रुपये ५७ पैसे. एक्स्पायरी आणि फाटलेली पाकिटं परत येतात ती ३ टक्के धर, गेले २ रुपये. दोन महिन्यांची उधारी, बँकेच्या सीसीचं, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाचं, व्याज १२ टक्के धरलं तर अजून सव्वा-दीड रुपया गेला. टेम्पोचं भाडं २ रुपये. हातात राहिले ६३. शंभर छापलेत आणि ६३ आले.

त्यातून मिरची-धणे-खोबरं वगैरे ३६, पॅकिंग ६, मजुरी ७, दळण आणि वीज ४, असा ५३ चा थेट खर्च होता. पाकिटामागे १० रुपये उरत होते, ज्यातून भाडं, पगार, हप्ता, फूड लायसन्स आणि तुमचं घर चालत होतं. आता कच्चा माल ३६ चा ४२ झालाय तर उरतात ४. म्हणून बाबांची झोप उडालीय, आणि ते बरोबरच आहे, नफा ६ टक्क्यांनी नाही, १० चा ४ झालाय.

आता बघ. ती १२ वर १ ची स्कीम नुसती बंद केली तर ६३ चे साडेअडुसष्ट होतात. म्हणजे कच्च्या मालाची ६ रुपयांची वाढ जवळपास सगळी तिथेच भरून निघते, एमआरपीला हात न लावता, गिऱ्हाइकाला काही कळतही नाही. आता तू म्हणशील स्कीम बंद केली तर डिस्ट्रिब्युटर ओरडेल. ओरडेल. पण एक प्रश्न बाबांना विचार, ती स्कीम सुरू कधी झाली आणि कुणी केली? मी हा प्रश्न किती जणांना विचारलाय आणि दहातल्या आठ ठिकाणी उत्तर एकच मिळतं, कुठल्यातरी वर्षी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी माल पडून होता म्हणून सेल्समनने महिनाभरासाठी चालू केली आणि मग ती कुणी बंदच केली नाही. आणि ते फुकटचं तेरावं पाकीट गिऱ्हाइकापर्यंत पोचतच नाही, ते दुकानदार आणि डिस्ट्रिब्युटर आपसात वाटून घेतात. म्हणजे तू भाव कमी केलास आणि ज्याच्यासाठी केलास त्याला पत्ताच नाही.

इथे दोष सेल्समनचा काढू नकोस. त्याला पगारावर इन्सेंटिव्ह कशावर मिळतो? किती पेट्या गेल्या त्यावर. मग तो पेट्याच हलवणार, सूट देऊन, स्कीम देऊन, उधारी वाढवून, त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. त्याचा इन्सेंटिव्ह वसूल झालेल्या रकमेवर लाव, बिलावर नको, महिना संपल्यावर बँकेत किती आले त्यावर. दोन महिन्यांत त्याची भाषा बदलते, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी डोळ्यांनी बघितलंय.

बाबांच्या भीतीबद्दल. त्यांना वाटतं आपण वाढवला आणि बाकीच्यांनी नाही वाढवला तर गिऱ्हाईक जाईल, आणि आपण कमी केला तर बाकीचेही करतील, म्हणून हलूच नये. ही भीती फार जुनी आहे. ऑक्सफर्डच्या हॉल आणि हिच या दोन अर्थशास्त्रज्ञांचा १९३९ मध्ये छापलेला एक अभ्यास आहे, त्यात ३८ उद्योजकांना समोर बसवून विचारलं की भाव ठरवता कसा. तोवरचं शिक्षण असं की शेवटचा नग बनवायला किती लागतात आणि त्यातून किती येतात हे बघून मालक भाव ठरवतो. बहुतेकांनी सांगितलं, छे, आम्ही पूर्ण खर्च काढतो, त्यावर रीतसर नफा टाकतो आणि मग शक्यतो हलत नाही, कारण वाढवला तर स्पर्धक मागे येणार नाहीत आणि घटवला तर नक्की येतील. म्हणजे बाबा आज जे बोलतात ते तेव्हा इंग्लंडमधले कारखानदारही बोलत होते. यात मूर्खपणा काही नाही. खर्चावर नफा टाकायची पद्धत सोपी आहे, गिऱ्हाइकाला समजावता येते, आणि रोज भाव बदलत बसायला आपल्याकडे माणसं कुठे आहेत. तिचं दुखणं वेगळ्या ठिकाणी आहे, खर्च चुकीचा काढला तर सगळंच चुकतं, आणि आपल्याकडे खर्च म्हणजे मिरची अधिक पाकीट अधिक मजुरी, त्या गळतीच्या ११ रुपयांना कुणी खर्च म्हणतच नाही.

भाव न हलण्याचं अजून एक कारण आहे, सुट्टे पैसे. आपला पोदेर, म्हणजे पाववाला, बघ. पाव चाराचा पाच झाला तेव्हा किती चर्चा झाली गावोगाव, पण मधे साडेचार कधी झालाच नाही, होणारच नाही, सकाळी सायकलवर भोंपू वाजवत येणारा पोदेर पन्नास पैसे कुठून देणार. मग मधल्या काळात मैदा महागला, लाकूड महागलं, की उंड्याचा, म्हणजे गोल पावाचा, आकार बारीक होतो. अमेरिकेत कोका-कोला १८८६ पासून साधारण सत्तर वर्षं ५ सेंटलाच विकला गेला, त्यामागे जी कारणं सांगतात त्यात एक हेच की व्हेंडिंग मशीनमध्ये एकच ५ सेंटचं नाणं चालायचं, पुढचं नाणं एकदम १० सेंटचं, म्हणजे वाढवायचा तर दुप्पटच. १९५३ मध्ये तर कंपनीने राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना साडेसात सेंटचं नवीन नाणं काढा म्हणून विनंती केली होती! ते नाणं काही निघालं नाही.

तुलाही कुणीतरी सांगेल की एमआरपी १०० च ठेव आणि वजन ९० ग्रॅम कर. माझं मत सरळ आहे, मसाल्यात हे करू नकोस. बिस्किटाचं चालतं, कारण पुड्यात एक बिस्कीट कमी झालं तर संध्याकाळचा चहा बिघडत नाही. पण आपल्याकडच्या बायका एक पाकीट एक किलो कोंबडीला असं हाताच्या अंदाजाने वापरतात, ९० ग्रॅम पडलं की शागुती फिकी होते आणि मग दोष मसाल्याला. शिवाय आता पाकिटावर युनिट सेल प्राइस, म्हणजे ग्रॅममागे किती रुपये, तेही छापावं लागतं, लपून काही राहत नाही. तसंच ब्याडगीत दुसरी स्वस्त मिरची मिसळू नकोस. ब्याडगी रंगासाठी घेतात, तिखटपणा तिचा कमी, गुंटूरकडची तेजा तिखट पण तो रंग नाही. तुझं गिऱ्हाईक कालवणाचा रंग बघून तुझा मसाला ओळखतं.

मग ११० करायची का? स्कीम बंद करून, परतीचा माल ३ टक्क्यांवरून दीडवर आणून जर पुरत असेल तर या वर्षी नको. पुरत नसेल तर कर, आणि घाबरू नकोस, हिशोब असा आहे. काहीच न करता, ती स्कीम तशीच ठेवून नुसती एमआरपी ११० केलीस तरी पाकिटामागे खिशात ६३ ऐवजी पावणेसत्तर येतात, नवीन खर्च ५९, उरले १० रुपये ७० पैसे. न वाढवता उरतात ४. म्हणजे १०० पाकिटं जुन्या भावाने विकून ४०० रुपये उरतात आणि ३८ पाकिटं नव्या भावाने विकून साधारण तेवढेच. शंभरातली ६२ पाकिटं कमी खपली तरच तू आजच्यापेक्षा खाली जाशील. आता मला सांग, दहा रुपयांसाठी शंभरातली ६२ गिऱ्हाइकं जातील? बाबांसमोर हा कागद ठेव. पण एवढ्यावर उड्याही मारू नकोस, कारण खप फार पडला तर दुकानदार फळीवरची जागा दुसऱ्याला देतो आणि ती जागा परत मिळवायला वर्ष जातं, ते या हिशोबात नाही. १०० पैकी ८५ टिकतील असं धरून चाल.

आणि वाढव कशी, हे किती वाढवलं याच्याइतकंच महत्त्वाचं. १९८६ मध्ये कानेमान, नेच आणि थेलर यांनी लोकांना एक प्रश्न विचारला होता, दुकानदार बर्फ उपसायची फावडी १५ डॉलरला विकतो, रात्री मोठं हिमवादळ झालं आणि सकाळी त्याने भाव २० केला, हे बरोबर की अन्याय? ८२ टक्के लोक म्हणाले अन्याय. पण त्याच अभ्यासात दुकानदाराचा स्वतःचा खर्च वाढला म्हणून भाव वाढवला तर लोकांना ते मान्य होतं. आपल्या लोकांचंही अगदी असंच आहे. चवथीला माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानाचे भाव दुप्पट झाले की म्हापशाच्या बाजारात माणसं वैतागतात, पण तोच भाजीवाला म्हणाला की घाटात दरड पडली गाडी आली नाही तर गप्प पैसे देतात. म्हणून प्रत्येक दुकानदाराला एक छोटी चिठ्ठी दे, मिरची तेव्हा काय भावाने घेतली, आता काय भावाने, त्यामुळे अमुक तारखेपासून ११०, जुना स्टॉक जुन्याच भावाने. आणि हे पाळायचं असेल तर उलटही पाळावं लागेल. कर्नाटकातल्या ब्याडगीच्या मिरची बाजाराचं तुला मी सांगायला नको, २०२३ मध्ये भाव कुठे गेले होते, आणि मार्च २०२४ मध्ये असे कोसळले की चिडलेल्या शेतकऱ्यांनी तिथल्या बाजार समितीचं ऑफिस फोडलं, गाड्या जाळल्या. मिरची स्वस्त झाली तेव्हा तुम्ही काय केलंत? बहुतेक काहीच नाही, आणि तो एक वर्षाचा जास्तीचा नफा कुठेतरी खर्च झाला. माझी पद्धत अशी, पाकिटाचा भाव तीन वर्षांच्या सरासरी मिरचीवर काढायचा आणि वर्षातून एकदाच बघायचा, स्वस्ताईच्या वर्षात जे जास्त उरतं ते वेगळ्या खात्यात टाकायचं, महागाईच्या वर्षात तिथून काढायचं. हॉटेलवाल्यांचा भाव मात्र मिरचीला बांधायचा, दर तीन महिन्यांनी वर-खाली, लेखी. घरच्या बाईला स्थिर भाव हवा असतो, हॉटेलच्या परचेसवाल्याला वर दाखवायला कारण हवं असतं, दोघांना एकाच काट्याने मोजू नकोस.

हॉटेलांचा विषय निघालाच आहे तर तो नीट बघू, कारण तू लिहिलंयस "हॉटेलचा माल जास्त जातो म्हणून त्यावरच धंदा टिकलाय". मला हे पटत नाही. हॉटेलला भाव किलोला ५२० अधिक जीएसटी धर. चार महिन्यांनी पैसे, म्हणजे ४ टक्के व्याज, २१ रुपये गेले. पोचवायचे १०. राहिले ४८९. १०० ग्रॅमला ४८ रुपये ९० पैसे. जुन्या भावाचा कच्चा माल ३६, मोठी पिशवी म्हणून पॅकिंग १, मजुरी ४, दळण ४, एकूण ४५. उरत होते ३ रुपये ९० पैसे, आणि आता मिरची ६ ने वाढल्यावर प्रत्येक १०० ग्रॅमला तू दोन रुपये पदरचे घालतोयस. त्यात एखादा शॅकवाला पर्यटनाचा सीझन संपल्यावर मे मध्ये गाशा गुंडाळून गेला की संपलं. मशीन चालू राहतं, माणसांना काम मिळतं हे खरं, पण या भावाने नाही.

आणि इथे कायदा तुझ्या बाजूने आहे. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आहे ना? नसेल तर आजच कर, फुकट आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून माल बनवून विकलास तर लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. व्याजाची केस पहिल्याच दिवशी टाकायला सांगत नाही, गोवा केवढं आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. पण दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे, इन्कम टॅक्सचा तो नियम ज्याला सगळे सीए ४३ बी एच म्हणतात. २०२४-२५ च्या असेसमेंट वर्षापासून हॉटेलवाल्याने तुझे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि ३१ मार्चला ते थकलेलेच राहिले तर त्या वर्षी त्याला तो खर्च इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही, ज्या वर्षी देईल त्या वर्षी. म्हणून दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी प्रत्येक हॉटेलला तुझ्या उद्यम नंबरसकट थकबाकीचं स्टेटमेंट पाठव, आणि त्यांच्या अकाउंटंटला पाठव, शेफला किंवा मालकाला नाही. फेब्रुवारी-मार्च हा आपल्याकडे सीझनचा काळ, गल्ल्यात पैसा असतो, आणि अकाउंटंटला ऑडिटची धास्ती असते. मे मध्ये मागितलेस तर पावसाळा समोर दिसत असतो, कोणी देत नाही. बिलावरही उद्यम नंबर छापून घे.

डिस्ट्रिब्युटर की स्वतःची गाडी. रोनाल्ड कोझ म्हणून अर्थशास्त्रज्ञ होते, १९९१ चं नोबेल, त्यांनी १९३७ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी एक साधा प्रश्न विचारला होता, बाजारात सगळंच विकत मिळतं तर कंपन्या असतातच कशाला, प्रत्येक काम बाहेरून का नाही करून घेत? त्यांचं उत्तर असं की बाजारातून घ्यायलाही खर्च येतो, माणूस शोधा, भाव करा, लिहून घ्या, मागे लागा, आणि तो खर्च स्वतः करण्याच्या खर्चापेक्षा जास्त झाला की ते काम घरात येतं. तुझ्यासाठी याचा अर्थ, गोवाभर एकच नियम लावू नकोस. फोंडा, सावईवेरे, म्हार्दोळ, शिरोडा इथे तुझं युनिट बाजूला आहे, दुकानदार बाबांना नावाने ओळखतात, इथे आठवड्यातून दोनदा स्वतःचा टेम्पो फिरव, डिस्ट्रिब्युटरचे ७ रुपये तुझे, परतीचा मालही डोळ्यांसमोर. काणकोण, सांगे, पेडणे, सत्तरीचा आतला भाग, तिथे डिस्ट्रिब्युटरच ठेव, डिझेल आणि माणूस घालून परवडणार नाही. आणि त्याला जास्त मार्जिन हवं असेल तर दे, खरंच दे, पण स्कीमच्या बदल्यात आणि २१ दिवसांत पैसे या अटीवर. त्याला तेरावं पाकीट विकून जे मिळतं त्यापेक्षा दोन टक्के रोकड मार्जिन आवडतं, मी बोललेय अशा लोकांशी.

आता अवघड भाग, घरातला. सूट द्यायचा अधिकार सध्या कुणाला आहे? बाबा फोनवर देतात, तू देतोस, सेल्समन देतो, आणि तू लिहिलंयस की मामासुद्धा मडगावच्या ओळखीच्या हॉटेलला "आपल्यातलाच आहे" म्हणून कमी भाव लावून देतात. चार माणसं चार भाव. यावर उपाय कडक नियमावलीचा नाही, चौदा माणसांच्या युनिटमध्ये ती टिकत नाही. एक वही ठेव, किंवा व्हॉट्सॲप ग्रुप कर, त्यात नियम एकच, छापील रेटपेक्षा कमी भाव ज्याने दिला त्याने त्याच दिवशी किती दिला आणि का दिला ते लिहायचं. बाबांनीही. अधिकार कुणाचा काढायचा नाही, विशेषतः बाबांचा नाही, ज्यांनी ३० वर्षं धंदा उभा केला त्यांच्याकडून एका दिवसात काढून घेतलास तर घर आणि धंदा दोन्ही बिघडतील. नुसतं लिहायचं. महिन्याच्या शेवटी बेरीज कर आणि सगळे मिळून बघा. आकडा बघितल्यावर बाबा स्वतःच म्हणतील की हे थांबवू या, ते नोटा मोजून मोठे झालेत.

बाजार बदलण्याबद्दल मला एक माझी गोष्ट सांगायचीय, आणि ती सांगताना अजून वाईट वाटतं. २०१० च्या सुमारास मी डिचोलीकडच्या एका ट्रक स्पेअरपार्टच्या धंद्याचं काम बघत होते. मार्जिन उत्तम, वसुली वेळेवर, दर महिन्याचा रिपोर्ट मी नेमाने द्यायची. पण ९० टक्क्यांच्या वर विक्री मायनिंगच्या ट्रकांना होती आणि हा आकडा मी एकदाही वेगळा काढून त्यांच्यासमोर ठेवला नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी आली, आणि तीन महिन्यांत गोडाऊनभर पार्ट्स, घ्यायला कोणी नाही. पुढे खाणी थोड्या सुरू झाल्या, फेब्रुवारी २०१८ मध्ये कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चमध्ये परत सगळं बंद. त्याच रस्त्यावरचा एक गॅरेजवाला टिकला, कारण त्याने आधीपासून आठवड्यातले दोन दिवस जेसीबी आणि पाण्याच्या टँकरची कामं घ्यायची सवय ठेवली होती, त्यात पैसे कमी मिळायचे तरी. तेव्हापासून मी प्रत्येक रिपोर्टच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहिते, सगळ्यात मोठ्या एका प्रकारच्या गिऱ्हाइकावर विक्री किती टक्के.

तुझी ती ओळ आहे ५० टक्के हॉटेलं. आणि हॉटेलं म्हणजे कुठली, हेही बदललंय. परदेशी पर्यटक २०१९ मध्ये सव्वानऊ लाखांच्या वर होते, २०२४ मध्ये जवळपास निम्मे, आणि एकूण पर्यटक मात्र एक कोटीच्या पुढे. म्हणजे गर्दी वाढली पण माणूस दुसरा आला. मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाल्यापासून पेडण्याकडची किती नवीन हॉटेलं दिल्ली-मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी चालतात ते तू स्वतः बघतोस. त्यांच्या किचनमधला शेफ बाहेरचा असतो, त्याला शागुतीचा मसाला भाजून वाटून करता येत नाही, त्याला वेळ वाचवणारी तयार पेस्ट हवी असते, आणि त्या पेस्टला तो पावडरीच्या भावाशी ताडून बघत नाही, त्याचा एक माणूस किती तास वाचला त्याच्याशी ताडतो. ५२० ला पावडर विकून भांडत बसण्यापेक्षा पेस्टचे दोन किलोचे पॅक चार हॉटेलांत ट्रायलला दे. शेल्फ लाइफ नीट तपासून घे आधी लॅबमधून, यात घाई नको.

घरच्या गिऱ्हाइकासाठी एक वरचा माल काढता येईल, खोलच्या मिरचीचा. काणकोणात डोंगरउतारावर पावसाळ्यात होते ती, तिला जीआय टॅग, म्हणजे त्या भागाच्या नावाचं कायदेशीर संरक्षण, आहे, पीक थोडं असतं त्यामुळे वर्षाला मोजकीच पाकिटं होतील, आणि ते नाव वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून रीतसर नोंद करावी लागते. पण १०० च्या बाजूला १९० चं पाकीट उभं राहिलं की ११० महाग वाटत नाही, हे दुकानात उभं राहून बघितलेलं आहे.

ॲपवर मात्र शागुती मसाल्याचं हेच १०० ग्रॅमचं पाकीट टाकू नकोस. त्यांचं कमिशन, त्यांच्याकडच्या जाहिरातीचे पैसे, परतीचा माल, आणि वर ते कधीही डिस्काउंट लावतात, मग फोंड्याचा दुकानदार तुला मोबाइल दाखवून विचारतो की मला ८५ ला आणि तिथे गिऱ्हाइकाला ८२ ला कसं? त्याच्या प्रश्नाला उत्तर नसतं. ॲपसाठी वेगळं पॅक कर, तीन मसाल्यांचा डबा, पर्यटक घरी नेतो तसा. तुलना करायला समोर दुसरं काही नसलं की भांडण होत नाही.

वेळेचं सांगते आणि थांबते. एप्रिल-मे मध्ये लोक पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, सुकी मिरची घेऊन घरीच मसाला करतात, तेव्हा पाकिटाचा भाव वाढवून काही मिळत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मग श्रावण, फिश करी मसाला तसाही झोपलेला असतो, तेव्हा वही सुरू कर, स्कीमचा हिशोब काढ, परतीचा माल मोज. चवथीच्या तोंडावर वाढवू नकोस, ते फावड्यासारखं होईल. चवथ झाली की लगेच हॉटेलांना मिरचीला बांधलेल्या रेटचं पत्र पाठव, सीझनचे भाव ऑक्टोबरच्या आत ठरतात. दुकानांचं ११० लागलंच तर दसऱ्यानंतर. तोवर मागच्या बारा महिन्यांची सेल्सची बिलं, क्रेडिट नोटा आणि बँक स्टेटमेंट एकत्र लाव, प्रत्येक डिस्ट्रिब्युटर आणि पहिल्या दहा हॉटेलांचं "खिशात किलोमागे किती पडले" एवढा एकच आकडा काढ, आणि तो घेऊन ये, मग एकेकाचं नाव घेऊन बोलू.